टॉप मॉडेलच्या छतात

१

त्या गाडीत मागे बसलेल्या बाईंचा डावा डोळा गेला होता, आणि शोरूमचा मालक मला विचारत होता, "मॅडम, चहा की कॉफी?"

"गाडी," मी म्हटलं.

गाडी वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. लांबलचक, पांढरी, चार माणसं पाय पसरून बसतील अशी. नऊ दिवसांपूर्वी चौकात एका व्हॅनने तिला डाव्या बाजूने धडक दिली. वेग फार नव्हता. पुढच्या एअरबॅग उघडल्या, गाडी चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरचं मनगटावरच्या खरचटण्यावर निभावलं. मागे त्याची आई होती. टॉप मॉडेलमध्ये मागच्या माणसासाठी कर्टन एअरबॅग असते. छताच्या कापडाआड घडी घालून ठेवलेली, धडक बसली की काचेवर पडद्यासारखी उतरणारी. ती उतरलीच नाही. काच आणि दाराची चौकट तेवढी आत आली.

डॉक्टरने शोरूममध्ये येऊन आरडाओरडा केला. मग वर्कशॉपने छताचं कापड उतरवलं, तर कर्टनची जागा रिकामी. तासाभरात मालकाने चोर शोधला, तासाभरात तक्रार टाइप झाली. तपास इतक्या लवकर लागला की मला मालकाचं कौतुकच वाटलं.

"आमचा वायरमन," मालक म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी ही गाडी मागचा वाचायचा दिवा दुरुस्त करायला आली होती. दिव्यासाठी छताचं कापड उतरवावं लागतं. ते उतरवणारा माणूस एकच. एअरबॅगला बाजारात गिऱ्हाईक आहे, मॅडम. अकरा वर्षं घरच्यासारखा ठेवला हो त्याला! चार वाजता इन्स्पेक्टर येतायत. तुमचा रिपोर्ट जोडला की झालं."

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. सव्वीस वर्षं मोडक्या गाड्या बघतेय, आणि त्याहून मोडकी कारणं ऐकतेय. माझा रिपोर्ट दुसऱ्याने आधी ठरवला की माझं डोकं फिरतं.

"गाडी टॉपच होती कशावरून?" मी विचारलं.

मालक हसला. "मागे बिल्ला आहे की! आणि खात्री करायची तर कंपनीला विचारा. लेखी उत्तर यायला पंधरा दिवस लागतात."

पंधरा दिवसांत वायरमन कुठे असेल, ते सांगायची गरज नव्हती.

मी टॉर्च घेऊन गाडीत शिरले. डावी बाजू चेपली होती, म्हणून उजवी बघितली. कापड लोंबत होतं. त्यामागे एक रिकामं कनेक्टर लटकत होतं, पण ते मी मोजत नाही. ही कंपनी बेस, मिड, टॉप तिन्ही मॉडेलांना एकच वायरिंग घालते. खिडक्यांवरच्या पट्टीत कर्टन आवळायला सात भोकं होती. कारखान्यात आधी रंग देतात आणि मग बोल्ट आवळतात. बोल्ट एकदा आवळला की भोकाच्या काठाचा रंग खरवडला जातोच, मग बोल्ट काढा नाहीतर ठेवा.

सातही भोकांवरून मी बोट फिरवलं. रंग बशीच्या काठासारखा गुळगुळीत होता.

इथून काही चोरीला गेलं नव्हतं. चोरण्यासारखं इथे कधी काही बसलंच नव्हतं.

२

डॉक्टरचा दवाखाना खाली, घर वर. त्याने मला वर नेलं, कारण आई कालच हॉस्पिटलमधून घरी आली होती.

"तू ती विम्याची ना?" पट्टी बांधलेलं डोकं उशीवरून जरा वर आलं. "बस गं. इकडे उजवीकडे बस. डावीकडची माणसं मी आता सोडून दिलीत."

मी उजवीकडे बसले. डॉक्टर उभाच राहिला. आठवडाभर कुठे बसला नसावा असं त्याच्याकडे बघून वाटत होतं.

"तो चोर माझ्यासमोर आणा," तो म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर आहे. सुरुवात कुठून करायची ते मला ठाऊक आहे."

"आधी मला सांगा, टॉपच का घेतलीत?"

त्याने कपाटातून फाइल काढली. माणसं लग्न ठरवताना करत नाहीत इतकी चौकशी त्याने केली होती. मोठा आडवा कागद, तीन रकाने, बेस, मिड, टॉप, आणि खाली त्रेचाळीस ओळी. चामडी सीट, समोर 'नको'. लाकडी पट्टी, 'नको'. बारा स्पीकर, 'नको, आई ओरडते'. मोठी चाकं, 'खड्ड्यांत त्रास'. टॉपमध्ये जास्तीचं जे जे होतं ते सगळं त्याने खोडलं होतं. एकाच ओळीभोवती लाल गोल होता: मागच्या सीटला कर्टन एअरबॅग. आणि बाजूला बारीक अक्षरात, 'मिडमध्ये वेगळी घालून मिळते का? विचारलं. नाही.'

"मी म्हटलं होतं त्याला, मधली घे," आई म्हणाली. "मला कशाला हवेत पडदे? तर म्हणतो, आई, तू मागे बसतेस. या एका ओळीसाठी बाकीचं सगळं घेतलं बघ त्याने."

"आणखी काही मागितलं होतं?"

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ऊन सहन होत नव्हतं. म्हणून मागच्या दारांना गुंडाळायची जाळी मागितली. सेल्समन म्हणाला, देतो की सर, आमच्याकडून भेट. डिलिव्हरीच्या दिवशी बसवलेली होती."

हे मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा? कधी लागला होता?"

"कधीच नाही. का?"

"गाडीतली एअरबॅग कुणी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं, तो लाल दिवा लावून बसतो. तुमचा कॉम्प्युटर गप्प होता. म्हणजे तो कर्टनची वाटच बघत नव्हता. छतातली भोकंही कोरी आहेत." मी फाइल मिटली. "डॉक्टर, तुमच्याकडून कुणी काही चोरलं नाही. तुम्हाला मिड दिली गेली. टॉपचे कपडे घालून."

डॉक्टरने फाइल पुन्हा उघडली.

"तो माझा वाचायचा दिवा लावून देणारा माणूस," आई एकदम म्हणाली, "गाडी घरी सोडायला आला तेव्हा फार अवघडला होता गं. मी म्हटलं, आता मला गाडीत वाचता येईल, तर वर बघेना. दारापर्यंत गेला आणि दोनदा मागे फिरला. मला वाटलं, बक्षिशी हवीय."

डॉक्टरचं तिकडे लक्ष नव्हतं. तो त्या लाल गोलाकडे बघत होता.

"मला मिड दिली," तो सावकाश म्हणाला. "मग माझी टॉप कुणाकडे आहे?"

३

शोरूममध्ये परतले तेव्हा दीड वाजला होता. लखलखीत फरशी, लखलखीत गाड्या, आणि त्यांच्यात फिरणारे लखलखीत चेहरे.

सेल्समनला सगळे गोडबोल्या म्हणतात, तोही त्या नावाला ओ देतो.

"मॅडम, डॉक्टरसाहेब म्हणजे आमच्या कुटुंबातले."

"त्यांच्या आईचा डोळा गेलाय. तुमच्या कुटुंबातलं कोण भेटायला गेलं?"

तो गप्प झाला. फार वेळ नाही, त्याची तेवढी ताकद नव्हती. "मी जायला निघालो होतो, साहेबांनी थांबवलं. म्हणाले, गेलं की कबूल केल्यासारखं होतं."

"टॉपला उन्हाची जाळी देण्याचं तुम्ही कबूल केलंत?"

"हो. साधी जाळी तर आहे! त्यात काय एवढं?"

त्याचा चेहरा मी नीट वाचला. खरंच काही माहीत नव्हतं त्याला. आपण टॉप विकली, टॉपच दिली, अशी त्याची समजूत होती. खोटं बोलायचं वेगळं शिक्षण द्यावं लागू नये म्हणून अशा माणसांना खरं कुणी सांगत नाही.

शोरूमच्या मागे एक खोली आहे. नव्या गाड्यांना सीट कव्हर, मॅट, जाळ्या तिथे बसवतात. सगळे तिला मेकअप रूम म्हणतात आणि तिथल्या कारागिराला मेकअपदादा. पन्नाशीचा, नखांत काळं, पण रजिस्टर असं की शाळेत लावावं.

"दादा, तुमचं अक्षर सुंदर आहे."

"काम लिहिलेलं असावं, मॅडम. उद्या कुणी आपल्यावर ढकलायला नको."

"टॉपला जाळी बसवायला किती वेळ लागतो?"

"बसवतच नाही!" तो ताडकन म्हणाला. कारागिराला त्याच्या कामातलं चुकीचं विचारावं, तो खरं बोलून मोकळा होतो. "जाळीची कडी वर चौकटीत येते, नेमकी कर्टनच्या वाटेत. बॅग उतरताना तिच्यावर फाटेल. कंपनीची सूचना आहे. गिऱ्हाइकं रागावतात, पण मी कुणाचं ऐकत नाही. हे बघा."

त्याने पानं उलटून दाखवली. चार टॉप गाड्या, चार नकार. 'कर्टन असल्याने जाळी बसवता येणार नाही', खाली सही, शेजारी गिऱ्हाइकाची सही. छाती जराशी पुढे आली होती त्याची, आणि यायलाच हवी होती.

मी आणखी तीन पानं उलटली. डॉक्टरची गाडी. मॉडेलच्या जागी 'टॉप'. खाली त्याच सुंदर अक्षरात: 'मागील दार जाळी, दोन नग, बसवली.'

"आणि हिला, दादा?"

त्याचं बोट त्या ओळीवर जाऊन थांबलं. छाती जागेवर आली.

"तुम्ही कुणाचं ऐकत नाही म्हणालात. मालक सांगोत, गिऱ्हाईक सांगो, कर्टनच्या वाटेत कडी तुम्ही कधी ठोकली नाहीत. मग इथे ठोकलीत ती एकाच कारणाने." मी रजिस्टर उचललं. "इथे कर्टन नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

४

तो खुर्चीत बसला नाही, खुर्चीनेच त्याला घेतलं.

"मी नट-बोल्टचा माणूस," तो म्हणाला. "दोन गाड्या आल्या, दोन्ही पांढऱ्या. एक टॉप, एक मिड. मॅनेजर म्हणाला, हिची चाकं, सीट, लाकडी पट्टी, स्पीकर, बिल्ला तिला लाव. तिचं हिला लाव. दोन दिवस लागले. कर्टन तेवढी हलत नाही, त्यासाठी अर्धी गाडी उघडावी लागते. मी विचारलं, तिचं काय? तर म्हणाला, दिसत नाही ना? मग सोड."

दिसत नाही ना, मग सोड. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"टॉप कुणाला गेली?"

"ते मला विचारू नका. मुलीचं लग्न व्हायचंय माझ्या."

मॅनेजरला वर्कशॉपमध्ये 'टाय' म्हणतात, कारण त्याच्यात लक्षात राहण्यासारखं तेवढंच आहे. त्याने मला प्रोसेस, सिस्टीम आणि पॉलिसी हे तीन शब्द पाच मिनिटांत अकरा वेळा ऐकवले. दोन गाड्यांचे कपडे कुणाच्या सांगण्यावरून बदलले, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर दिलं.

"वरून आलं."

त्याच्या केबिनच्या वर फक्त मालकाची केबिन होती.

वायरमन वर्कशॉपच्या पायरीवर बसला होता. चाळिशीचा, हाडकुळा, समोर डबा तसाच बंद. जेवायचं सुचत नव्हतं बहुतेक.

"तू चोर नाहीस, हे मी सिद्ध करू शकते," मी म्हटलं. त्याने वर बघितलं. "पण दिवा काढायला तू छत उतरवलंस. टॉपचा बिल्ला असलेल्या गाडीत कर्टन नाही, हे तुला दिसलं असणारच."

त्याने पान्हा या हातातून त्या हातात केला.

"दिसलं. मॅनेजरला सांगितलं. म्हणाला, दिवा लागला ना? मग गाडी बाहेर काढ."

"आणि बाईंना?"

"त्या म्हणाल्या, आता मला वाचता येईल. दारापर्यंत गेलो मॅडम. दोनदा. जीभच उचलेना. नोकरी गेली तर घरी काय सांगू?" त्याने माझ्या वहीवर हात ठेवला. "हे लिहू नका. चोर म्हणा एक वेळ, पण मी बघितलं होतं हे त्यांना कळू देऊ नका. कुठल्या तोंडाने जाऊ मी त्यांच्यासमोर?"

मला त्याला वाचवायचं होतं आणि त्याच्या दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले.

तेवढ्यात फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. तीच लांबी, साधी चाकं, मागे मिडचा बिल्ला. मालकाची मुलगी उतरली आणि वडिलांच्या केबिनकडे गेली. मागच्या सीटवर बाळांच्या दोन खुर्च्या बांधलेल्या होत्या. जुळी असावीत.

वायरमनने गाडीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी जवळ जाऊन काचेला नाक लावलं. मागच्या सीटशेजारी छताला भिडणारा जो खांब असतो, त्याच्या प्लॅस्टिकवर बारीक अक्षरं उठवलेली होती: एअरबॅग.

मिडच्या खांबावर तो शब्द नसतो.

५

चार वाजता मालकाच्या केबिनमध्ये जागा पुरेना. इन्स्पेक्टर, मालक, टाय, मेकअपदादा, वायरमन. डॉक्टरला मी बोलावून घेतलं होतं. तो दाराला टेकून वायरमनकडे बघत होता, आणि ते बघणं मला आवडत नव्हतं. मालकाची मुलगी निघाली होती, तिला मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, तुमच्या मुलांचं काम आहे."

मालकाने तक्रार पुढे सरकवली. "सही करतो, साहेब."

"करा," मी म्हटलं. "पण आधी ऐका. छतातल्या सातही भोकांचा रंग कोरा आहे. तिथे बोल्ट कधीच आवळला गेला नाही, म्हणजे कर्टन कधीच नव्हती. लाल दिवा लागला नाही, म्हणजे गाडी कारखान्यातूनच मिड म्हणून निघाली. आणि टॉपला जाळीची कडी लावायला आयुष्यभर नकार देणाऱ्या कारागिराने ती हिलाच लावली, म्हणजे डिलिव्हरीआधीच इथे हे ठाऊक होतं. चोरी झाली ती कर्टनची नाही. अख्ख्या टॉप गाडीची झाली, आणि ती खाली फाटकाशी मिडचा बिल्ला लावून उभी आहे."

"माझ्या मुलीची गाडी मिड आहे!" मालक गरजला. "बिल्ला वाचता येत नाही तुम्हाला?"

"बिल्ला चिकटवलेला असतो. खांबावरची अक्षरं साच्यातून येतात. छत उघडून बघू."

"नव्या गाडीचं छत फाडणार? तुमच्या संशयासाठी? मी परवानगी देणार नाही."

"गाडी माझ्या नावावर आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती वडिलांकडे बघत होती.

"तुम्ही म्हणाला होतात, दिसायला साधी असू दे, पण मुलांसाठी आत सगळं घालून दिलंय. सगळं म्हणजे काय, बाबा?"

तिने पर्समधून किल्ली काढली आणि वायरमनच्या हातात दिली. "उघडा."

सगळे खाली गाडीपाशी आलो. दहा मिनिटं लागली. वायरमनने कापड असं उतरवलं की एक सुरकुती पडली नाही. आत गुंडाळी घातलेली कर्टन होती, लांब, पांढरी, कोरी करकरीत. सात बोल्ट. त्याने एक सैल केला. भोकाच्या काठाचा रंग खरवडलेला होता.

"टॉपला सहा महिन्यांची वाट होती," मालक म्हणाला. गुर्मी अजून तशीच होती, फक्त आवाज बसला होता. "आली ती एकच. डॉक्टरला मिड दिली असती तर तो दुसरीकडे गेला असता. माझी नातवंडं आहेत ती! तान्ही! माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"सहा महिने थांबलो असतो," डॉक्टर म्हणाला.

मुलगी बाळांच्या खुर्च्यांचे पट्टे सोडवू लागली. एक पट्टा सुटेना. मालक मदतीला वाकला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला.

इन्स्पेक्टरने तक्रारीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. मालकाचं नाव, मग टायचं, मग मेकअपदादाचं. वायरमनकडे बघून म्हणाला, "तू जा. तुझं काही नाही यात."

वायरमन हातातला बोल्ट परत आवळत होता. तो निघाला असता तर मी काही बोलले नसते. माझ्या वहीतलं ते पान मी अजून रिपोर्टमध्ये उतरवलं नव्हतं, आणि उतरवलं असतं की नाही, हे आजही सांगता येत नाही.

त्याने पान्हा खाली ठेवला.

"माझंही घ्या, साहेब. दोन महिन्यांपूर्वी दिवा दुरुस्त करताना मी बघितलं होतं. छत रिकामं होतं. मॅनेजरला सांगितलं. गाडीच्या मालकाला नाही सांगितलं."

डॉक्टर एका ढांगेत त्याच्यासमोर आला. मेकअपदादा मध्ये पडायला पुढे झाला. पण डॉक्टरने हात उचलला नाही. दोघं एकमेकांच्या इतके जवळ उभे होते की एकाचा श्वास दुसऱ्याला लागत असेल.

"दोन महिने," डॉक्टर म्हणाला. "रोज मी तिला त्या जागेवर बसवत होतो."

"हो."

"हे आईला मी सांगू, की तू सांगतोस?"

वायरमनने खिशातून फडकं काढून हात पुसले. बोटं स्वच्छ झाली तरी तो पुसतच राहिला.

"मी सांगतो," तो म्हणाला.

"चल मग."

ते फाटकातून पायीच निघाले. गाडीत बसायचं दोघांपैकी कुणी नाव काढलं नाही.